कडूबाभाऊंच्या खोलीचा राखाडी

जालन्याजवळच्या चंदनझिऱ्यात नुसता कडूबा विचारला तर तीन कडूबा निघतात. एकाची पिठाची गिरणी आहे, दुसरा दिवसभर चौकात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठं चालला म्हणून विचारत असतो, आणि तिसरे आपले कडूबाभाऊ. ओळख पटावी म्हणून लोक त्यांना भट्टीवाले कडूबा म्हणतात. भट्टी सुटून सहा वर्षं झाली, नाव काही सुटलं नाही. आणि खरं सांगायचं तर ते सुटावं असं त्यांनाही कधी वाटलं नाही.

एमआयडीसीतल्या सळईच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. काम ऐकायला अगदी सोपं. भट्टीच्या तोंडाशी उभं राहायचं, आतला लोखंडाचा ठोकळा तापून तयार झाला की उजवा हात वर करायचा आणि ‘झालं’ म्हणायचं. बस्. मग ठोकळा बाहेर यायचा, रोलमधून दबत दबत पुढं जायचा आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या सळया पडायच्या. भट्टीला मीटर होतं, पण मीटर भट्टीचा ताप सांगे, ठोकळ्याच्या पोटातला नाही. पोटातलं कळायचं ते रंगावरून. लाल म्हणजे कच्चा, नारिंगी म्हणजे थांब, आणि नारिंगीत पिवळा फुटू लागला की त्या दोहोंच्या मध्ये एक रंग येतो, ज्याला नावच नाही. तो कडूबाभाऊंना दिसायचा. डावा डोळा मिटून, उजव्यापुढं निळ्या काचेचा तुकडा धरून ते आत बघायचे. सगळ्या पाळीत त्या उजव्या डोळ्याला भट्टीवाला डोळा म्हणत, आणि नवे इंजिनियर आले की त्यांना मशिनी दाखवून झाल्यावर शेवटी हा डोळा दाखवायला आणत.

या डोळ्याचा त्यांना गर्व होता. का नसावा? शाळा चौथीपर्यंत, जमीन नावाला दीड एकर आणि तीही भावाकडं. माणसाला काहीतरी आपलं म्हणावं असं लागतं.

पण एकदा त्या डोळ्यानं नाही, तोंडानं घात केला. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. अंगात ताप होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मुकादम मागून जल्दी करा, जल्दी करा म्हणून ओरडत होता. आतलं नीट दिसत नव्हतं. दिसत नाही असं सांगितलं असतं तर पाच मिनिटं गेली असती, जास्त काही नाही. पण भट्टीवाल्या डोळ्याला दिसत नाही हे चारचौघांत म्हणायचं कसं? कडूबाभाऊंनी हात वर केला आणि म्हणाले, झालं.

ठोकळा वरून तापलेला होता, आतून थंड. रोलमध्ये तो अडकला आणि लाल सळई फणकाऱ्यानं बाहेर उसळली. समोर चिमटा घेऊन धर्मराज उभा होता. त्यानं तोंड वाचवायला हात आडवा धरला आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला.

धर्मराज तीन महिने घरी होता. कडूबाभाऊ रोज पाळी सुटली की त्याच्याकडं जायचे, कोपऱ्यात बसायचे आणि उठून यायचे. एक दिवस न राहवून त्यांनी सांगून टाकलं.

“धर्मराज, मला दिसलंच न्हवतं. तरी मी झालं म्हनलो.”

धर्मराजनं भाजलेला हात उशीवर नीट ठेवला. मग म्हणाला, “पुन्हा म्हनू नका.”

एवढंच. ना शिवी, ना तक्रार. त्या दिवसापासून कडूबाभाऊंनी स्वतःला एक नियम घालून घेतला. जे दिसलं ते दिसलं म्हणायचं आणि नाही दिसलं ते नाही. पुढची सगळी वर्षं त्यांनी तो पाळला. धर्मराजला आचेपुढं उभं राहणं पुन्हा जमलं नाही. तो मेव्हण्याच्या हाताखाली रंगकाम शिकला, बघता बघता चांगला पेंटर झाला, आणि आता कुणी हाताचा विषय काढला की म्हणतो, “कडूबाभाऊची मेहरबानी. न्हाई तर मी आजून भट्टीपुढंच भाजत बसलो असतो.” तो हसून म्हणतो, पण कडूबाभाऊ दर वेळी दुसरीकडं बघतात.

आता घरातली माणसं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. बायको झुंबरबाई. त्यांच्या लेखी नवऱ्याची एकतीस वर्षांची नोकरी म्हणजे एकतीस वर्षांची कपड्यातली राख. मुलगा भारत बियाण्याच्या कंपनीचा टेम्पो चालवतो आणि महिन्यातले निम्मे दिवस गावोगावी असतो. आणि सून रूपाली, बदनापूरकडची. तीही बियाण्याच्याच कंपनीत, पण प्रयोगशाळेत. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, त्यातल्या किती उगवल्या, किती नुसत्या फुगल्या, किती वाया गेल्या ते बघून लिहायचं. बोलते कमी, बघते जास्त.

कडूबाभाऊंची नजर मंदावली, हे सगळ्यात आधी तिनंच पाहिलं. गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. ते अंगणात सुपात तुरीची डाळ घेऊन निवडत बसले होते. नोकरी सुटल्यापासून हे काम त्यांच्याकडं होतं. रूपाली पायरीवर बसून जरा वेळ बघत राहिली.

“मामा, डाळ बोटानं काऊन निवडून राह्यले?”

“सवय.”

“आधी न्हवती ही सवय.”

तिनं सूप आपल्याकडं ओढलं, पसाभर डाळ पसरली आणि परत पुढं केली. “हात न लावता सांगा, यात खडे किती हायेत?”

कडूबाभाऊंनी सुपावर मान वाकवली. मग आणखी वाकवली. “दिसून न्हाई राह्यला एक बी.”

खडे पाच होते. रूपालीनं ते एकेक करून त्यांच्या तळहातावर ठेवले. आठवड्याच्या आत त्यांना घेऊन ती डोळ्यांच्या दवाखान्यात होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, डाव्यात जास्त. डाव्याचं ऑपरेशन झालं.

ऑपरेशन म्हणजे अर्ध्या तासाचा मामला. खरं काम पुढचे सहा आठवडे. डोळ्यात थेंब घालायचे, तेही घड्याळ लावून. झुंबरबाईंचा हात थरथरतो. त्यांचा थेंब कधी गालावर, कधी कानात. भारत टेम्पोवर. म्हणून दुपारच्या सुट्टीत रूपाली स्कूटीवर घरी यायची. हात साबणानं धुवायची, म्हणायची, “मामा, वर बघा,” एक थेंब घालायची, पाच मिनिटं थांबून दुसऱ्या बाटलीतला घालायची, उभ्या उभ्या भाकरीचे दोन घास खायची आणि परत. एकदा तिची गाडी पंक्चर झाली. ती गाडी ढकलत आली, थेंब घातले, आणि जेवायला वेळ उरला नाही म्हणून तशीच गेली.

हे सगळं कडूबाभाऊंच्या आत कुठंतरी साठत होतं. पण त्यांच्या घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही. तशी पद्धतच नाही. तसं काही बोललं तर समोरच्याला वाटायचं, काही चुकलं का आपलं? म्हणून त्यांनी एवढंच केलं, की रोज सव्वाबाराला दारातल्या स्टुलावर पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा ठेवायचा. ती यायची, गूळ तोंडात टाकायची, घटाघट पाणी प्यायची. तेवढं बघून त्यांना बरं वाटायचं.

शेवटच्या तपासणीला मात्र त्यांनी एक लबाडी केली. रूपाली बाहेर औषधाच्या रांगेत होती आणि डॉक्टरांनी आत सांगितलं, बाबा, उजवाही आता वाढतोय, तीन-चार महिन्यांत आणा. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, “उजव्याचं काय म्हनले?”

“बराबर हाय म्हने,” कडूबाभाऊ म्हणाले.

पुन्हा सहा आठवडे त्या पोरीला उन्हात पळवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. तसंही डावा नवा डोळा दोघांचं काम ओढत होता. भट्टीवाला डोळा जरा विसावला म्हणून काय बिघडलं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

शिमगा झाला आणि मागच्या पत्र्याच्या शेडच्या जागी खोली उभी राहिली. म्हातारा-म्हातारीसाठी. तोवर दोघं पुढच्या खोलीत झोपायचे, जिथं टीव्ही, जिथं पाहुणे आणि जिथं भारत पहाटे आला की पहिला पाय झुंबरबाईंच्या अंगावर पडायचा. आता स्वतःची खोली, स्वतःची खिडकी. राहिला होता फक्त रंग.

रंग राखाडी घ्यायचा हे रूपालीनं ठरवलं होतं. कारण सरळ होतं. ऑपरेशननंतर पांढऱ्या भिंतीची चमक कडूबाभाऊंच्या डोळ्यांना सोसवत नव्हती. झुंबरबाईंना हे बिलकुल पटलं नाही.

“आयुष्यभर राख धुतली,” त्या म्हणाल्या, “आता घरची लक्ष्मी म्हनती, भिंतीलाच फासून घ्या.”

“आत्या, ही धुवावी न्हाई लागनार,” रूपाली म्हणाली आणि सासऱ्याला स्कूटीवर मागं बसवून मस्तगडला राधेश्यामच्या रंगाच्या दुकानात घेऊन गेली.

राधेश्यामनं कार्डांचा गठ्ठा उघडला. राखाडी म्हणजे एक रंग अशी आजवर सगळ्यांची समजूत. तिथं निघाले चाळीस. उन्हातल्या डांबरासारखे, ओल्या सिमेंटसारखे, काही तर नुसते मळलेले पांढरे. निवडता निवडता शेवटी दोन उरले, आणि ते दोन इतके सारखे की राधेश्यामनंही कार्डं उलटी करून नंबर पाहिले. तो म्हणाला, “कार्डावर फरक कळत नसतो, ताई. दोन्हीचे छोटे डबे न्या, भिंतीवर पट्टे मारा. ज्याला राहायचं त्याला ठरवू द्या.”

“राहायचं मामाला,” रूपाली म्हणाली. “तेच ठरवतील.”

कडूबाभाऊंना ते वाक्य परत येताना सबंध रस्ताभर पुरलं. कारखान्यात त्यांना रोज शंभरदा विचारलं जायचं, झालं का, झालं का. घरात कुणी कधी काही विचारलं नव्हतं. पत्रा कोणता, दार कुठं, पोराच्या लग्नात मंडप कोणता, सगळं ते पाळीवर असताना ठरून जायचं. आता साठी उलटल्यावर एका अख्ख्या खोलीचा रंग त्यांच्या शब्दावर थांबला होता. तो बरोबरच ठरला पाहिजे, असं त्यांनी स्कूटीवर बसल्या बसल्या ठरवून टाकलं. हा रंग त्यांच्या डोळ्यांसाठी आणणाऱ्या पोरीचं देणं त्यांना तेवढ्यानंच फेडता येणार होतं.

रविवारी सकाळी धर्मराज आला. पुट्टी मारून घासलेल्या भिंतीवर त्यानं खिडकीसमोर दोन पट्टे ओढले, दाराएवढ्या रुंदीचे, शेजारी शेजारी. वाळेपर्यंत तो चहाला गेला. परत येऊन बघतो तर खोलीत अंधार. खिडकी लावलेली, दार लोटलेलं, वरचा दिवा बंद, आणि आत कडूबाभाऊ डोळ्यापुढं ती जुनी निळी काच धरून भिंतीला नाक लावून उभे.

“काय करून राह्यले, कडूबाभाऊ?”

“रंग पाहून राह्यलो.”

“अंधारात?”

“रंग अंधारातच बराबर दिसतो,” कडूबाभाऊ म्हणाले. भट्टीपाशी उन्हाची तिरीप आली की ते पोत्याचा पडदा ओढायला लावत, नाही तर लोखंडाचा रंग फसवतो. एकतीस वर्षांची ही शिस्त. “पर दोन्ही सारखेच दिसतेत. काळे.”

धर्मराज दाराच्या चौकटीला टेकून हसला. मग आत येऊन त्यानं खिडकी उघडली.

“लोखंडाला स्वतःचा उजेड असतो, भाऊ. भिंतीला न्हाई. तिला कुनी तरी खिडकी उघडून द्यावी लागती.”

ऊन भिंतीवर आलं. धर्मराज ब्रश धुवायला बाहेर गेला आणि कडूबाभाऊ काच खिशात टाकून बघू लागले. बघता बघता ते चपापले. पट्टे वेगळे होते, चांगलेच वेगळे. डावीकडच्यात जरा पिवळट माती मिसळल्यासारखी, आणि उजवीकडचा निळसर, स्वच्छ. रोलमधून आलेली सळई निवून गार झाली की तिच्यावर एक शांत रंग चढतो, अगदी तसा. त्यांना तो एकदम ओळखीचा वाटला. सवयीनं त्यांनी डावा डोळा मिटला, भट्टीवाल्या डोळ्यानं खात्री करून घ्यावी म्हणून.

भिंतीवर एकच पट्टा होता. रुंद, मळकट, चहाच्या पाण्यासारखा.

त्यांनी डोळा चोळला. परत पाहिलं. उजवा मिटला की दोन, डावा मिटला की एक. असं त्यांनी सात-आठ वेळा केलं असेल. डॉक्टरांनी वाढतोय सांगितलं होतं, पण इतका? ज्या डोळ्यानं नारिंगी आणि पिवळ्याच्या मधला बिननावाचा रंग ओळखला, त्याला आता पुढ्यातली भिंत कळत नव्हती. कडूबाभाऊ पुट्टीच्या रिकाम्या डब्यावर बसले आणि त्यांना पहिल्यांदा आपल्या डोळ्याची कीव आली.

पण काळजीचं कारण नव्हतं. रंग तर कळला होता. निळसर. नव्या डोळ्यानं पाहिलं म्हणायचं, विषय संपला. कुणाला काही सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात चहाचे कप घेऊन रूपाली आली, मागून झुंबरबाई, त्यांच्या मागून धर्मराज. रूपालीनं कप खिडकीत ठेवले आणि दोन्ही पट्ट्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“हं मामा. कोनता?”

“हा उजव्या बाजूचा,” असं त्यांच्या ओठांवर आलंच होतं. पण आज ती मजेत होती. रविवार होता, खोली उभी होती.

“थांबा, थांबा. असं न्हाई. नव्या डोळ्याला आपल्या घरात येऊन किती दिवस झाले? त्याला काय कळतं? भट्टीवाल्या डोळ्याला विचारा.” आणि तिनं पुढं होऊन आपला तळवा हलकेच त्यांच्या डाव्या डोळ्यावर ठेवला.

तळव्याला साबणाचा वास होता. सहा आठवडे रोज दुपारी हाच वास आधी यायचा आणि मग थेंब पडायचा.

समोर तो एकच मळकट पट्टा. त्याच्या कडेला धर्मराज उभा होता, ओला ब्रश हातात घेऊन, बाह्या सरसावून. मनगटापासून कोपरापर्यंतची ती ओढल्यासारखी कातडी उन्हात चमकत होती. तो कडूबाभाऊंच्या हाताकडं बघत होता, कधी वर होतो म्हणून. तसाच, जसा तेव्हा बघत होता.

उत्तर माहीत होतं, आणि बरोबर होतं. नुसतं म्हणायचं होतं. कुणाचा हात भाजणार नव्हता. उलट एका पोरीच्या उन्हातल्या खेपा वाचणार होत्या. खोटं बोलायला याहून चांगलं कारण माणसाला मिळत नाही. कडूबाभाऊंचा उजवा हात मांडीपासून वीतभर उचलला गेला आणि तिथंच थांबला.

“पोरी,” ते म्हणाले, “या डोळ्यानं दोन्ही एकच दिसून राह्यलंय.”

मग त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. “डाक्टर म्हनले होते, हा बी करा. मी तुला बराबर हाय म्हून सांगितलं. तुझ्या लई खेपा झाल्या होत्या.”

रूपालीनं तळवा काढला. ती चिडेल असं त्यांना वाटलं, आणि ती चिडलीही, पण तिच्या रीतीनं. ती धर्मराजकडं वळली.

“काका, ब्रश धुवून ठेवा. काम बंद.”

“म्हंजे?” झुंबरबाई म्हणाल्या.

“म्हंजे आधी डोळा. मंग भिंत.”

“अगं, पन त्यांना एका डोळ्यानं तर दिसतंय. अन् राख ती राख. दोन दिवसांचं काम हाय.”

“आत्या, मामा ठरवतील म्हनलं होतं ना आपन? पुरं दिसल्याबगर कसं ठरवतील?”

धर्मराजनं डब्यांची झाकणं ठोकून बसवली. जाताना तो कडूबाभाऊंजवळ थांबला. त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, भाजलेलाच हात, आणि म्हणाला, “आज म्हनले न्हाई तुमी.” कडूबाभाऊंना ते समजलं. बाकीच्यांना समजायची गरज नव्हती.

मग ती खोली तशीच राहिली. चैत्र लागला. उजव्याचं ऑपरेशन झालं, हिरवी पट्टी लागली, आणि थेंबांचं घड्याळ पुन्हा सुरू झालं. या वेळी ऊन जालन्याचं, चैत्र-वैशाखातलं. दुपारी साडेबाराला स्कूटीची सीट तव्यासारखी तापायची. रूपाली तोंडाला ओढणी गुंडाळून यायची, हात धुवायची आणि म्हणायची, “मामा, वर बघा.” स्टुलावर गुळाचा खडा आणि माठातल्या पाण्याचा तांब्या असायचा. आता त्यावर ओलं फडकंही असायचं, पाणी गार राहावं म्हणून.

म्हातारा-म्हातारी पुढच्याच खोलीत झोपत राहिले, आणि भारतचा पाय पहाटे झुंबरबाईंच्या अंगावर पडतच राहिला. गल्लीतल्या बाया विचारायच्या, खोली झाली ना मावशी, मंग रंग काऊन न्हाई? झुंबरबाई आधी कुरकुरायच्या. मग एक दिवस कडूबाभाऊंनी त्यांना दारात सांगताना ऐकलं, “आमच्याकडं डोळे झाल्याबगर रंग लावत न्हाईत.” जणू खानदानात तशी रीतच होती.

कडूबाभाऊ रोज संध्याकाळी मागच्या खोलीत जाऊन डब्यावर बसत. समोर दोन पट्टे, बाकी सगळ्या भिंती कोऱ्या. त्यांना आयुष्यातल्या गोष्टी आठवत. कारखान्यात भट्टी कधी कुणासाठी थांबली नव्हती. त्यांचे वडील वारले त्या दिवशीही पाळी चालू होती. ठोकळा थांबत नाही, रोल थांबत नाहीत, माणूस बदलतात आणि काम पुढं नेतात. आणि इथं एक अख्खी खोली, पलंगासकट, पंख्यासकट, एका म्हाताऱ्या डोळ्यासाठी दीड महिना थांबली होती. कधी कधी तिथं बसल्या बसल्या त्यांचे डोळे भरून यायचे. डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून ते उठून अंगणात फेऱ्या मारायचे.

वैशाखात डॉक्टरांनी शेवटची तपासणी केली आणि थेंब बंद झाले. त्याच रविवारी धर्मराज आला. झुंबरबाईंनी स्वतः जाऊन खिडकी सताड उघडली. कडूबाभाऊ भिंतीसमोर उभे राहिले. निळी काच या वेळी त्यांनी आणलीच नव्हती.

आधी डावा मिटला. मग उजवा. मग दोन्ही उघडे. दोन पट्टे, एक मातकट, एक निवलेल्या सळईचा. कसंही बघा, दोनच. भट्टीवाला डोळा परत आला होता. त्यांनी मागं वळून पाहिलं. रूपाली दारात उभी होती.

“पोरी, तुला कोनता आवडला? खरं सांग. तुला जो आवडंल त्योच घेऊ.”

रूपाली जरा घुटमळली. मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “मामा, खरं सांगू? मला आजपोतर यातला फरक कळला न्हाई. बियांचं कळतं मला. हे दोन्ही मला सारखेच दिसतेत. भारतला बी. आत्याला तर दोन्ही राखच.”

कडूबाभाऊंनी एकदा पट्ट्यांकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. दीड महिना. वैशाखातलं ऊन. रोजच्या खेपा.

“मंग थांबलीस काऊन?”

“तुमाला दिसनार होता म्हून.”

तिनं ते इतकं साधं सांगितलं, जसं चहात साखर टाकली म्हणून सांगावं. कडूबाभाऊंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. जे घरात कुणी कधी बोलत नाही ते. शब्द कुठून काढायचे ते त्यांना कळेना, पण या वेळी ते दुसरीकडं बघू लागले नाहीत. नीट तिच्याकडं, दोन्ही डोळ्यांनी बघत ते म्हणाले, “तुझे लई उपकार झाले माझ्यावर, रूपाली. हे एकदा म्हनायचंच होतं मला.”

झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. रूपाली, “काय मामा, काही बी,” असं म्हणून लगबगीनं चहा ठेवायला निघाली, आणि दारात चौकटीला थडकली.

धर्मराजनं निळसर राखाडीचा मोठा डबा उघडला, काठीनं ढवळला, रोलर बुडवला आणि भिंतीपाशी उभा राहिला. पण रोलर भिंतीला टेकवला नाही. तो कडूबाभाऊंकडं बघत होता.

“दिसलं का, भाऊ?” त्यानं विचारलं.

“दिसलं.”

कडूबाभाऊंनी उजवा हात पार डोक्याच्या वर नेला आणि म्हणाले, “झालं.”